खदानींच्या मुलखात: सावनेर ते वरोरा

नागपूरला आलेल्या पाहुण्याला संत्र्याची बर्फी मिळते, सावजीचं आमंत्रण मिळतं, दीक्षाभूमी दाखवली जाते. खाणी कुणी दाखवत नाही. वास्तविक देशातल्या खाणकामाचा केवढा तरी कारभार या एका शहरातून चालतो. कोळसा-तेल सोडून बाकी बहुतेक खनिजांचा हिशेब ठेवणारा, १९४८ साली स्थापन झालेला इंडियन ब्युरो ऑफ माइन्स, त्याचं मुख्यालय इथंच सिव्हिल लाइन्समध्ये. वेस्टर्न कोलफील्ड्स, म्हणजे वैदर्भीय वर्तमानपत्रांतली ‘वेकोलि’, तीही तिथंच. मँगनीजवाल्या मॉइलची कचेरी काटोल रोडला.

माझं आजोळ नागपूर. मामेभाऊ या खाणींना पंपांचे सुटे भाग पुरवतो. खदान खणणं सोपं, तिच्यातलं पाणी उपसणं कठीण, हे वाक्य तो लग्नाच्या पंगतीतसुद्धा ऐकवतो. जानेवारीत त्याची मोठी फेरी होती, मी गाडीत जागा मागितली. ‘‘तिथं पाहायला काय आहे? खड्डे,’’ मामी म्हणाली आणि डब्यात मेथीचे पराठे भरून दिले. मला खड्डे पाहायचेच होते. आणि प्रत्येक ठिकाणी एक विचारायचं होतं: हे संपल्यावर इथं काय?

सोमवार. सावनेर

वेकोलिनं २०१६ मध्ये पर्यटन महामंडळाच्या साथीनं खाणीची सहल सुरू केली. गोंडेगावला खुली खाण बघायची, सावनेरला जमिनीखाली उतरायचं. सावनेरला वर एक इको पार्क आहे. हिरवळ, पोरांसाठी खेळणी, खाणीतल्या यंत्रांच्या प्रतिकृती, सेल्फीच्या जागा. शाळेच्या सहली येतात, पोरं खूश असतात. माझं मन मात्र तिथं रमलं नाही. खाण इतकी गोजिरवाणी दाखवली की संशय यायला लागतो.

खाली उतरल्यावर संशयाला वेळ मिळाला नाही. आधी झडती. काडेपेटी, विडी, मोबाइल सगळं बाहेर. मग हेल्मेट, गमबूट, कमरेच्या पट्ट्याला बॅटरी, टोपीला दिवा. तिरप्या वाटेनं, म्हणजे इन्क्लाइननं, खाली जायचं. पाठीवर सतत वारा येत होता. हा वारा पंख्यानं ओढून आणलेला असतो आणि खाणीत ठिकठिकाणी दारं लावून त्याला वळवतात. आमच्या बरोबरच्या माइनिंग सरदारांनी, म्हणजे खाली कामावर आणि सुरक्षेवर नजर ठेवणाऱ्या मुकादमांनी, एक दार उघडायच्या आधी मागचं नीट बंद झालंय का ते पाहिलं. दोन्ही एकदम उघडली तर वारा मधल्यामध्ये पळतो आणि पुढं काम करणाऱ्या माणसांपर्यंत पोचत नाही.

कोळशाची खाण काळीकुट्ट असणार असं मी धरून चालले होते. भिंती पांढऱ्या होत्या! चुनखडीची भुकटी मारलेली. कोळशाची बारीक धूळ हवेत उडाली आणि कुठून ठिणगी मिळाली तर कोळशातून सुटणाऱ्या मिथेन वायूच्या छोट्या स्फोटाचा मोठा स्फोट होतो. धुळीत दगडाची भुकटी मिसळलेली असली तर आग पुढं सरकत नाही. त्या पांढऱ्या बोगद्यातून चालताना दोन्ही बाजूंना कोळशाचे चौकोनी खांब दिसत होते. कोळसा खणून रस्ते काढायचे, मधे खांब ठेवायचे, त्यांच्यावर छत तोलायचं. अशा रस्त्याची रुंदी नियमानं ४.८ मीटरपेक्षा जास्त ठेवता येत नाही.

सरदारांच्या हातात काठी होती. दर थोड्या अंतरावर ती छताला ठोकत आणि ऐकत.

‘‘ठणठण वाजलं तर बरं. भदभद वाजलं का समजाचं, छत सुटून राहिलं.’’

‘‘आता लोखंडी बोल्ट मारतात ना छतात?’’ मी विचारलं.

‘‘मारतात नं. पण बोल्ट सांगत नाही जी काही. काठी सांगते.’’

खांबांचं पुढं काय, तेही त्यांनी सांगितलं. सगळे रस्ते काढून झाले की परत फिरताना खांबही काढत यायचे आणि मागचं छत पडू द्यायचं. पडलेल्या भागाला खाणीत गोफ म्हणतात. तिथं माणूस जात नाही. वर गाव किंवा रस्ता असेल तर पोकळीत वाळू भरायची, नाहीतर वरची जमीन आधीच ताब्यात असायला हवी, कारण ती खचते, तिला भेगा पडतात. हे त्यांनी सहज सांगितलं. मला ते पुढं घुग्घुसला पुन्हा ऐकायला मिळायचं होतं.

खाली बायका दिसल्या नाहीत म्हणून विचारलं. १९५२ च्या खाण कायद्यानं बायकांना भूमिगत कामाला मनाई होती. २०१९ मध्ये सरकारनं अटींसह परवानगी दिली. त्याआधीची गंमत अशी की इंग्रजी अमदानीतही अशी बंदी होती, पण दुसऱ्या महायुद्धात कोळसा कमी पडला तेव्हा ती उठवून बायकांना खाली पाठवलं होतं, आणि युद्ध संपल्यावर पुन्हा वर आणलं. अबलांच्या काळजीला अडचण पडली की सुट्टी मिळते.

वर आल्यावर चहा घेतला. परतताना अदाशाच्या गणपतीला गेलो.

मंगळवार. मनसर, तुमसर, डोंगरी बुजुर्ग

नागपूर-जबलपूर रस्त्यावर मनसरला एका बाजूला हिडिंबा टेकडी आहे. तिथं उत्खननात वाकाटकांच्या काळातलं विटांचं अवाढव्य बांधकाम निघालं. समोर रामटेकचा गड. आणि त्यांच्याच शेजारी मँगनीजची खाण, १९०० च्या आसपास सुरू झालेली आणि अजून चालू. वाकाटकांच्या राजधानीला येणारे अभ्यासक खाणीकडे बघत नाहीत, खाणवाल्यांना वाकाटकांशी कर्तव्य नाही. एका दिवसात दोन्ही पाहणारे आम्हीच असू.

मँगनीज पोलादाला लागतं. पोलाद करताना त्यातला ऑक्सिजन आणि गंधक काढायला ते हवंच, दुसरं काही तितकंसं चालत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जगाचं बरंचसं मँगनीज रशियातून, कॉकेशसमधून यायचं. १९०५ च्या क्रांतीत तिकडचा पुरवठा विस्कटला आणि भंडारा-नागपूर-बालाघाटच्या दगडाला एकदम भाव आला. माल बाहेर काढायला रेल्वेचे फाटे निघाले. विशाखापट्टणमचं बंदर १९३३ साली उघडलं, त्यामागंही मध्य प्रांताच्या मँगनीजला समुद्राची वाट देणं हे एक मोठं कारण होतं. तुमसर-तिरोडी लाइनही याच धंद्याची. एल. एल. फर्मर या भूशास्त्रज्ञानं १९०९ मध्ये भारतातल्या मँगनीजवर भलंथोरलं पुस्तक लिहिलं आणि इथल्या एका खडकाला गोंडांवरून गोंडाइट नाव दिलं. तिरोडीच्या नावाचंही एक खनिज आहे, टिरोडाइट. मराठी-हिंदीच्या सीमेवरचं एवढंसं गाव खनिजशास्त्राच्या कोशात जाऊन बसलं.

खाणी मूळच्या इंग्रज कंपनीच्या. १९६२ मध्ये भारत सरकार, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांनी मिळून ५१ टक्के भाग घेतला आणि मॉइल उभी राहिली. उरलेला भाग १९७७ मध्ये घेतला.

डोंगरी बुजुर्गची खाण खुली आहे. मँगनीजचा थर पायऱ्यापायऱ्यांनी कापत नेलेला दिसतो. बाजूचा खडक फिका, तपकिरी, आणि मधे काळा पट्टा. इथला काही माल सेल बनवायला जातो. लहानपणी मी रेडिओतला संपलेला सेल फोडला की हात काळे व्हायचे. ते काळं म्हणजे हेच.

गावातल्या एका आजींनी सांगितलं की त्या ‘कंपनीत’ दगड निवडायच्या. पट्ट्यावर नव्हे, उन्हात बसून, हातानं, काळा इकडं आणि पांढरा तिकडं. ‘‘डोळे मिटून पन निवडलं असतं. काळा जड लागते हाताले.’’ खदान संपल्यावर काय, हे मी त्यांना विचारलं तर त्यांनी माझ्याकडे नवल केल्यासारखं बघितलं. त्यांच्या सासूच्या आधीपासून चालू आहे ती. संपेल कशी?

बुधवार. भरवेली

बालाघाट शहराला लागूनच भरवेली. आशियातली सर्वांत खोल भूमिगत मँगनीज खाण म्हणून ही ओळखली जाते. खाली जायचा परवाना आम्हाला नव्हता, मामेभावाचं काम भांडारात होतं आणि तिथं दोन तास गेले. मी बाहेर टपरीवर बसले. दुकानदार मराठी, गिऱ्हाईक हिंदी-पोवारी-मराठी असं सगळं एकदम बोलत होतं आणि कुणाचंच अडत नव्हतं. इथला थर उभा-तिरपा आहे, त्यामुळे वरून कापायला लागलं की खाली खाली जात राहावं लागतं. थर कापायचा, पोकळीत पाण्यातून वाळू सोडून भराव करायचा, त्या भरावावर उभं राहून पुढचा थर कापायचा. वैनगंगेची वाळू अशी जमिनीत जाते.

संध्याकाळी बैहरमार्गे घाट चढून मलांजखंड. रस्ता सुंदर, सालाची झाडं, अंधार पडता पडता धुकं. जवळच कान्हा. त्या रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या वाघ बघायला जात होत्या.

गुरुवार. मलांजखंड

हिंदुस्तान कॉपरच्या या खाणीत देशाच्या तांब्याच्या साठ्याचा सिंहाचा वाटा आहे. १९८२ पासून खाण चालू आहे. परवानगी काढून ठेवली होती, म्हणून कडेच्या चौथऱ्यापर्यंत जाता आलं.

खड्डा एवढा लांब आहे की समोरच्या कडेचा डंपर हलतोय की उभा आहे ते कळायला वेळ लागतो. पायऱ्या उतरत जातात, तळाशी पाणी. खडक राखाडी-गुलाबी, आणि मधेच कुठं हिरवट-निळसर डाग. तांब्याचं लक्षण ते. पण डागांवर जाऊ नका. शंभर किलो खनिज दगडात तांबं असतं किलो-सव्वा किलो. दगड फोडायचा, पिठासारखा दळायचा, पाण्यात फेस काढून त्या फेसाबरोबर तांब्याचे कण वर आणायचे. उरलेला जवळजवळ सगळा गाळ पाण्यासकट धरणात सोडायचा. हे धरण टाऊनशिपमधल्या कुणी आपणहून दाखवलं नाही. खाली शेती असलेल्या गावांमध्ये मात्र पहिला विषय तोच निघाला: विहिरीचं पाणी, नाल्याचं पाणी, गुरं. मला तपासणीच्या अहवालातलं काही कळत नाही, पण ज्या गावात पाहुण्याला पाणी देताना ‘हे बोअरचं नाही, टँकरचं आहे’ असं आवर्जून सांगतात तिथं काहीतरी बिघडलेलं असतंच.

संपल्यावर काय, याचं उत्तर इथं तयार होतं. वरून जेवढं परवडतं तेवढं काढून झालं, आता त्याच खड्ड्याखाली भूमिगत खाण. एक अधिकारी उत्साहानं सांगत होते, अजून कित्येक वर्षं. खुल्या खाणीला जेवढे डंपर आणि माणसं लागायची तेवढी भूमिगत खाणीला लागणार का, यावर ते म्हणाले, ‘‘स्किल्ड लगेंगे.’’ दाराशी ठेकेदाराची वाट बघणारी बैगा आणि गोंड पोरं त्या शब्दात बसत नव्हती.

दुपारी निघालो. खैरागडला संगीत विद्यापीठाच्या दारासमोर भजी खाल्ली. आतून कुणीतरी पखवाजावर तेच तेच वाजवत होतं. रात्री राजनांदगाव.

शुक्रवार. दल्ली राजहरा

या प्रवासात मला सगळ्यात जास्त बघायचं होतं ते छत्तीसगढमधलं हे लोखंडाच्या खाणीचं गाव, आणि त्याच्या गोष्टीची सुरुवात नागपुरात होते.

जमशेदजी टाटांची नागपूरला एम्प्रेस मिल होती, १८७७ पासून. १८८२ मध्ये फॉन श्वार्ट्झ नावाच्या जर्मन तज्ज्ञाचा एक अहवाल त्यांच्या वाचनात आला: चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्यात लोहाऱ्याला उत्तम लोखंड आहे, जवळच वरोऱ्याला कोळसा आहे. पोलादाचं वेड त्यांना तिथून लागलं. वीस वर्षांनी परवाने सुलभ झाल्यावर त्यांनी अमेरिकेहून सी. एम. वेल्ड या भूशास्त्रज्ञाला आणवलं. बरोबर मुलगा दोराबजी आणि भाचा शापुरजी सकलातवाला. (हा भाचा पुढं इंग्लंडच्या पार्लमेंटमध्ये कम्युनिस्ट म्हणून निवडून आला. चांद्याच्या जंगलात बैलगाडीनं फिरून त्याला काय काय दिसलं असेल!) चांद्याचं गणित जमलं नाही. दोराबजी हे सांगायला नागपूरच्या सचिवालयात गेले, साहेब जागेवर नव्हते, म्हणून समोरच्या संग्रहालयात शिरले. तिथं भिंतीवर मध्य प्रांताचा भूशास्त्रीय नकाशा होता आणि त्यात दुर्ग जिल्ह्यात लोखंडाची खूण गडद रंगात होती. ती जागा म्हणजे दल्ली राजहराचे डोंगर. प्रमथनाथ बोस यांनी सरकारी पाहणीत पूर्वीच त्यांची नोंद केली होती. दोराबजी आणि वेल्ड तिथं पोचले. लोखंड अफाट होतं, पण जवळ कोळसा नाही, पुरेसं पाणी नाही. मग त्याच बोसबाबूंनी १९०४ मध्ये पत्र लिहून ओडिशातल्या मयूरभंजला बोलावलं आणि कारखाना साकचीला, आजच्या जमशेदपूरला, झाला.

राजहराचा डोंगर आणखी पन्नास वर्षं तसाच राहिला. मग सोव्हिएत मदतीनं भिलाईचा कारखाना आला, १९५९ मध्ये पहिली भट्टी पेटली, आणि तिला खाऊ घालायला दल्ली राजहरा फोडायला लागले.

गाव शिरताच लाल होतं. रस्ता लाल, पानं लाल, थांबलेल्या मालगाडीचे डबे लाल, पोरांच्या शाळेच्या मोज्यांना लाल कडा. वर यंत्रांनी चालणारी खाण. पण एके काळी इथं हजारो ठेका मजूर, नवराबायको जोडीनं, घणानं दगड फोडून ट्रक भरत. १९७७ मध्ये त्यांनी आपली वेगळी संघटना काढली, छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ, आणि शंकर गुहा नियोगी तिचे नेते झाले. मागण्यांतली एक मी वाचली तेव्हा दोनदा वाचली होती: पावसाळ्याआधी झोपडी शाकारायला शंभर रुपये. त्या आंदोलनात २ आणि ३ जून १९७७ ला गोळीबार झाला, अकरा जण गेले.

शहीद हॉस्पिटल त्यांच्या नावानं आहे. १९८३ मध्ये मजुरांनी स्वतःच्या वर्गणीतून आणि स्वतःच्या हातांनी बांधलं. बाहेर सायकली, मोटरसायकली, एक बैलगाडी. आत गर्दी आणि तरीही रांग शांत. औषधाच्या खिडकीशी मोठ्या अक्षरात दर लिहिलेले. मी जास्त वेळ रेंगाळले नाही, दवाखाना आहे तो. पण एका जुन्या कामगारांशी बाहेरच्या पारावर गप्पा झाल्या. ते हिंदी-छत्तीसगढीत बोलले, मी जमेल तसं समजून घेतलं. यंत्रं आणायला संघटनेचा सरसकट विरोध नव्हता, असं त्यांचं म्हणणं. माणसं राहतील आणि यंत्रही चालेल असा अर्धयांत्रिक आराखडा संघटनेनं स्वतः करून दिला होता. दारूबंदी केली, शाळा काढल्या. ‘संघर्ष और निर्माण’, दोन्ही बरोबर. २८ सप्टेंबर १९९१ ला पहाटे भिलाईत नियोगींना झोपेत गोळी घातली. हे सांगताना त्यांनी आवाज चढवला नाही की उतरवला नाही.

आजवर खूप खाणवसाहती बघितल्या. दवाखाने सगळीकडे असतात, कंपनीचे. इथला एकच असा, की जो खाणीचा मालक बदलला, खाण मिटली तरी मिटायला नको. म्हणून मी तो प्रश्न इथं विचारला, तर ते हसले. डोंगर आताच उतरणीला लागलाय म्हणाले. चांगला दगड कमी होत चालला, म्हणून भिलाईची नजर दक्षिणेला रावघाटच्या लोखंडावर. त्यासाठी इथून पुढं रेल्वे टाकली, अंतागडपर्यंत प्रवासी गाडीही जायला लागली. तिकडच्या गावांचं काय म्हणणं आहे? ‘‘जो हमारा था पहले.’’

शनिवार. मानपूर, मुरूमगाव, गडचिरोली

मानपूरहून मुरूमगाव-धानोरा हा रस्ता उजेडात संपवायचा, हे मामेभावानं आधीच बजावलं होतं. जंगल, छावण्या, तपासणी, पुन्हा जंगल. मुरूमगावला महाराष्ट्र लागला आणि पाटीवर ‘सुस्वागतम्’ वाचून उगाच बरं वाटलं.

गडचिरोलीत दोन दिशांना दोन गोष्टी आहेत. मूलमार्गे चंद्रपूर, तिकडं आम्हाला जायचं होतं. आणि चामोर्शी-आष्टीकडून आलापल्लीची वाट, जिच्यावरून एटापल्लीच्या सुरजागडचं लोखंड खाली येतं. डिसेंबर २०१६ मध्ये नक्षलवाद्यांनी तिथं खाणीची कितीतरी वाहनं एका फटक्यात जाळली होती. २०२१ पासून काम जोरात आहे, कोनसरीला कारखाना उभा राहिलाय. जेवणाच्या खोलीत दोन ट्रकचालक आणि एक शिक्षक यांचं भांडण लागलं होतं. चालक म्हणत होते पहिल्यांदा घरापासून जवळ काम मिळालं. मास्तर म्हणत होते रस्त्यानं पोरांना सायकलनं शाळेत पाठवता येत नाही, आणि ठाकूरदेवाचा डोंगर आहे तो. दोघंही खरं बोलत होते, त्यामुळे भांडण मिटण्यासारखं नव्हतं.

रविवार. चंद्रपूर आणि घुग्घुस

सकाळी गोंड राजांचा परकोट पाहिला. जटपुरा दरवाजातून आजही शहराची सगळी रहदारी आत-बाहेर करते. मग महाकालीचं दर्शन. देवळापासून थोड्याच अंतरावर कोळसा खाणी. चंद्रपुरात कुठंही जा, कोळसा फार लांब नसतो. पलीकडे महाऔष्णिक केंद्र, २,९२० मेगावॉटचं. पुण्यामुंबईच्या दिव्यांतला बराच उजेड इथून जातो आणि राख इथं राहते.

दुर्गापूर-पद्मापूरच्या बाजूला खुल्या खाणीतून काढलेल्या मातीचे डोंगर आहेत. इथले लोक त्यांना ओबी म्हणतात. कोळशाच्या वरची सगळी माती-दगड आधी काढून कुठंतरी टाकावी लागते, तीच ही. जुन्या ओबीवर वेडी बाभूळ माजलीय आणि त्यात वाघ राहतात. ताडोबा लांब नाही. वाघिणी तिथं पिल्लं वाढवतात, बिबटे वस्तीत येतात. माणसं मारली गेली आहेत. पाळी संपवून रात्री घरी जाणाऱ्याला ताडोबाची सफारी फुकट घडते, अशी इथली एक कडवट थट्टा आहे.

घुग्घुसला मामेभावाच्या ओळखीच्या घरी जेवण होतं. भात, वरण, लाखोरीच्या डाळीचे वडे. जेवण झाल्यावर यजमान म्हणाले, चला, दाखवतो. अमराई वॉर्ड. ऑगस्ट २०२२ मध्ये इथलं एक घर जमिनीत गेलं. भिंत खचली, तडा गेला असं नाही. घर होतं तिथं खोल खड्डा झाला. जमीन हलतेय हे कळून घरची माणसं वेळेत बाहेर पळाली म्हणून वाचली. खाली इंग्रजांच्या काळापासूनच्या जुन्या भूमिगत खाणी. आसपासची घरं रिकामी करून लोकांना हलवलं.

सावनेरच्या सरदारांचं बोलणं आठवलं. खांब काढले की वरची जमीन बसते, म्हणून वाळू भरायची. पण कोळसा खाणी १ मे १९७३ ला सरकारकडे आल्या. त्याआधी अनेक मालकांनी, अनेक पद्धतींनी इथं खणलं. कुठं किती खणलं, कुठं भरलं, कुठं तसंच सोडलं, याचे जुने नकाशे जेवढे खरे तेवढीच वरची घरं भक्कम. मग वरती गाव वाढलं, नगर परिषद झाली, घरांना नंबर मिळाले. जमिनीच्या सातबाऱ्यावर खालच्या पोकळीची नोंद नसते.

यजमानांची शेती वेकोलिनं घेतली. दोन एकराला एक नोकरी या हिशेबानं थोरल्या मुलाला नोकरी लागली, धाकटा तसाच राहिला, आणि दोघं भाऊ आता एकमेकांशी बोलत नाहीत. हे त्यांनी खड्ड्याजवळ उभं राहून सांगितलं. ‘‘वावर असतं तं दोघंही भांडत भांडत वाहिलं असतं. नोकरी कशी वाटाची?’’

खाण-बाधित भागांसाठी २०१५ च्या कायद्यानं जिल्हा खनिज प्रतिष्ठान झालं, रॉयल्टीवर जादा रक्कम घेऊन ती इथंच खर्च करायची असते. चंद्रपूरसारख्या जिल्ह्यात हा पैसा थोडाथोडका नसतो. त्यातून काय काय झालं हे विचारल्यावर यजमानांनी एका चौकातल्या सुशोभीकरणाकडे बोट दाखवलं.

सोमवार. वरोरा

शेवटचा मुक्काम मी मागून घेतला होता. मामेभावाचं इथं काही काम नव्हतं, कारण इथल्या त्या जुन्या खाणीला पंप लागत नाहीत. ती १९०६ मध्ये बंद झाली.

वरोऱ्याची सरकारी कोलियरी १८७१ च्या सुमारास सुरू झाली. तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वे आणली. श्वार्ट्झच्या अहवालात लोहाऱ्याच्या लोखंडाला जो कोळसा जोडून दिला होता, तो हाच. जमशेदजींनी त्याचे नमुने जर्मनीत तपासून घेतले, पोलादाच्या भट्टीला लायक नाही असा निकाल आला. तो कोळसा बरा निघाला असता तर जमशेदपूर विदर्भात झालं असतं, असं इथले हौशी इतिहासकार छातीवर हात ठेवून सांगतात. मला तेवढं पटत नाही. सरकारी परवान्यांची भानगड होतीच, आणि बरा कोळसा एका जागी, बरं लोखंड दुसऱ्या जागी, असं नंतरही होतच राहिलं.

जुनी कोलियरी नेमकी कुठं होती, हे बाजारात विचारलं. तरुणांनी माजरीचा, एकोण्याचा रस्ता दाखवला, हल्लीच्या खाणींचा. एका म्हाताऱ्या शिंपीकाकांनी हातातलं काम खाली ठेवलं आणि म्हणाले, ‘‘ते इंग्रजाची? तिथं काही नाही बाई. पण ठेसन तिच्याचमुळं आलं.’’ अगदी खरं. वर्धा-वरोरा हा कोळशाचा फाटा पुढं बल्लारपूरला गेला, १९२९ मध्ये काझीपेठेशी जोडला गेला आणि आज तो दिल्ली-चेन्नई मुख्य मार्गाचा भाग आहे. खाणीनं पस्तीस वर्षं कोळसा दिला, लाइन दीडशे वर्षांनंतरही चालू आहे. गावाबाहेर आनंदवन आहे, १९४९ चं, खडकाळ माळावर उभं केलेलं. तिथल्या दुकानातून मामीसाठी सतरंजी घेतली.

तुम्ही जाणार असाल तर थोडं कामाचं. सावनेरची सहल आधी नोंदवावी लागते आणि खाली जायला ओळखपत्र लागतं. दम्याचा त्रास असेल तर नुसतं पार्क बघा. मॉइल आणि मलांजखंडच्या आत वाटसरूला सोडत नाहीत, किमान काही आठवडे आधी पत्र पाठवा आणि खड्ड्याच्या कडेवर फोटोचा हट्ट धरू नका. शहीद हॉस्पिटल हे प्रेक्षणीय स्थळ नाही. काम असेल किंवा देणगी द्यायची असेल तरच आत जा. मानपूर-मुरूमगाव रस्ता दुपारी चारच्या आत पार करा, मधे पेट्रोलची खात्री नाही. पांढरे कपडे नेऊ नका. आणि मार्चच्या पुढं चंद्रपूरकडे फिरकू नका, तिथला उन्हाळा तिथल्याच लोकांना सोसवत नाही.